नळ धुवायचं पाणी

गुरुवार, ३ एप्रिल

नळाला मीटर बसणार. आमच्या मनस्वीने, लेकीने, मोबाइलवर नगरपंचायतीची सूचना वाचून दाखवली, मग मी स्वतः चष्मा लावून परत वाचली. आत्तापर्यंत वर्षाची एक ठरलेली पाणीपट्टी होती, पाणी कितीही वापरा. आता जेवढं पाणी तेवढे पैसे. एका जोडणीला महिन्याला ठरावीक पाण्यापर्यंत दर कमी, त्याच्या वर गेलं की एकदम अडीचपट. अजून प्रस्तावच आहे. हरकती-सूचना महिन्याभरात लेखी द्यायच्या आहेत.

हे आसनगावहून कंपनीतून आले तेव्हा सांगितलं. "धरणं आपल्या उशाला आणि मीटर आपल्याच नळाला," म्हणाले आणि जेवायला बसले. यांचं तेवढंच. पुढचं सगळं मी बघायचं.

खरं सांगायचं तर मीटरचं मला वाईट वाटत नाही. मोजून वापरणाऱ्याने मोजण्याला कशाला भ्यावं? आमच्याकडे तांदळाचं धुवण अळवाला जातं, भाजीचं तुळशीपलीकडच्या मोगऱ्याला. आमचा प्रश्नच नाही. प्रश्न सकुबाईंचा आहे.

रस्त्याला लागून सकुबाईंचं घर, त्यांच्या मागे आमचं. त्यांच्याकडे नळ नाही. आमच्या परसातल्या नळावर त्या पाणी भरतात, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. माझे सासरे, आबा, सांगून गेले आहेत की त्या घराला पाण्याला नाही म्हणायचं नाही. आम्ही कधी म्हटलं नाही. धर्माचं काम, त्याची नोंद काय ठेवायची? पण मीटर ठेवणार.

सोमवार, ७ एप्रिल

मीटर यायच्या आधी आपला वापर आपल्याला माहीत हवा, म्हणून आज सगळं पाणी बादलीने मोजलं. मनस्वी हसत होती. तिची अंघोळ मोजली तेव्हा हसायची थांबली.

आमच्या घराचं पाणी कमी दराच्या आत बसतं. सकुबाईंचे हंडे धरले की वर जातं.

एक बाब मात्र कुठे लिहावी ते कळेना. देवाचं पाणी भरायच्या आधी आमच्याकडे नळ धुतात. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं. सकुबाई शाळेत खिचडी शिजवायला जातात, त्यांना लवकर निघायचं असतं, म्हणून पहिले हंडे त्यांचे. ते भरून झाले की नळाच्या तोंडावर तांब्याने पाणी ओतायचं, खालची फरशी धुवायची, थोडं पाणी सोडून द्यायचं, मग देवाची कळशी लावायची. रविवारी शाळेला सुट्टी, सकुबाई उशिरा येतात, आमचं आधीच भरून झालेलं असतं. त्या दिवशी नळ धुवावा लागत नाही.

आज त्या पाण्याखालीही बादली ठेवली. बादली भरून वरून वाहायला लागली. मला वाटलं होतं दोन तांबे जात असतील.

हे पाणी स्वयंपाकात धरता येत नाही, धुण्यात नाही, अंघोळीत नाही. देवाचं म्हणावं तर देवाचं पाणी त्याच्या नंतरचं. शेवटी 'इतर' असं लिहिलं.

सोमवार, १४ एप्रिल

सकुबाईंकडे जयंतीची गडबड. दारावर निळे झेंडे, रांगोळी फार सुरेख काढली होती. त्यांची सून मेघा वाटीभर खीर घेऊन आली. सोमवारचा उपास, म्हणून मी झाकून ठेवली. संध्याकाळी उपास सोडताना बघते तर आईंनी ती गाईच्या घमेल्यात ओतलेली. "उन्हानं नासली असंल," म्हणाल्या. या दिवसांत दूध नासतंच.

रिकामी वाटी परत देऊ नये, म्हणून त्यात साखर घालून मनस्वीबरोबर पाठवली.

गुरुवार, १७ एप्रिल

विचार करून डोकं शिणलं. सकुबाईंना सांगावं तर आबांचा शब्द मोडतो. न सांगावं तर दर महिन्याला अडीचपटीने भरायचं, आणि यांच्या पगारात ते कुठून काढायचं? बरं, त्यांच्याकडून पाण्याचे पैसे घ्यावेत तर धर्माचं पाणी विकल्यासारखं होतं.

आज पूजेच्या वेळी दत्ताच्या मूर्तीवर मोगऱ्याचं फूल लावून कौल मागितला. उजवीकडे पडलं तर सांगायचं, डावीकडे पडलं तर गप्प बसायचं. फूल उजवीकडे पडलं.

शनिवार, १९ एप्रिल

सांगून आले.

सकुबाई अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ये गो नम्रता. बस. चहा टाकते."

"नको सकुबाई, शनिवार आहे. मारुतीचा."

"तुझा कुठला वार मोकला असतो ते एकदा कागदावर लिवून दे मला. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. बाकीच्या दिवशी एकादशी नायतर चतुर्थी."

मी हसले, त्याही हसल्या. मग मी मीटरचं सांगितलं. दर सांगितला, मर्यादा सांगितली, आमचा वापर, त्यांचे हंडे, सगळं. म्हटलं, "आम्ही कधी नाही म्हटलं नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मीटर लागल्यावर तुमचं तुम्ही काहीतरी बघायला हवं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. "अनिकेतला सांगते." अनिकेत त्यांचा मुलगा, भिवंडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे.

मला सुटल्यासारखं वाटलं. निघाले, तर मागून म्हणाल्या, "एक इचारू का गो? माझे हंडे झाल्यावर तू नळ धुतेस ना, ते पाणी मीटरला कोणाच्या नावावर लागंल? तुझ्या का माझ्या?"

मी म्हटलं, आता सगळ्यांनीच काटकसर करायला हवी.

घरी आल्यावर बराच वेळ कान गरम होते. ऊन फार आहे यंदा.

मंगळवार, २२ एप्रिल

मीटर लागायला अजून वेळ आहे, पण सकुबाई रविवारपासून येत नाहीत. मेघा आणि त्या मारुतीच्या देवळामागच्या हातपंपावरून पाणी आणतात. बोळातून हंडे जाताना कळतात. मी दारातून म्हटलं, "अहो, एवढ्यात कशाला?" सकुबाई म्हणाल्या, "सवय करतो गो." थांबल्या नाहीत.

देवाची कळशी पहिल्या पाण्याने भरली. नळ धुवावा लागला नाही. पाण्याची चांगली बचत झाली. पूजेत मात्र लक्ष लागलं नाही.

गुरुवार, २४ एप्रिल. एकादशी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मीटरच्या पाहणीला आदेश नावाचा मुलगा आला होता, सापगावचा. पाणी खात्याच्या ठेकेदाराकडे आहे. नळाला हात लावून म्हणाला, "काकू, तुमचा पाइप मेन लाइनवरून निघतो कुठे? मीटर तिथे बसणार."

मी म्हटलं, बोळातून येत असेल. तो बोळात जाऊन आला. "बोळात गटार आहे. तिथून पाण्याची लाइन कोण देईल?" मग आमच्या परसातून पाइपाच्या रोखाने कुदळीने उकरत गेला, कुंपणापर्यंत. पाइप कुंपणाखालून सरळ सकुबाईंच्या अंगणात गेला होता. त्यांच्या अंगणाखालून, त्यांच्या ओट्याला लागून, रस्त्यापर्यंत.

मी बघत उभी राहिले. वीस वर्षं मी या नळावर आहे.

आदेश म्हणाला, "मीटर यांच्या दारात लागेल. म्हणजे यांची संमती लागणार. सही पाहिजे."

अनिकेत घरीच होता. तो बाहेर आला. एरवी मला बघून हसतो. आज म्हणाला, "काकू, आम्ही आमचं वेगळं कनेक्शन घेतोय. अर्ज भरला. आईला आता अंगणात कोबा पण करून द्यायचा आहे. त्याच्या आधी हा जुना पाइप काढून घ्या."

"काढून कुठे नेऊ?"

"आमचं आमी बघायचं, तुमचं तुमी बघा."

माझंच वाक्य मला परत मिळालं. आदेशला विचारलं, दुसरा रस्ता काय? तो म्हणाला, मागच्या आळीला वळसा घालून आणावा लागेल, मध्ये दोघांच्या जागा, डांबरी रस्ता खणायची परवानगी वेगळी. "पावसाआधी काय होत नाही, काकू." सकुबाई ओट्यावर बसल्या होत्या.

घरात येऊन आईंना विचारलं. आई जपाची माळ हातात घेऊन बसल्या होत्या. मणी ओढता ओढताच म्हणाल्या, "बारकूने चर खणलीन." बारकू म्हणजे सकुबाईंचे गेलेले मालक. "नळ आला तवा डिपॉझिट भरायला त्याच्याकडं पैसं नव्हतं. आन् आपल्याला पाइप न्यायला जागा नव्हती. आबांनी नि त्यानं ठरवलं. पाइप त्याच्या अंगणातनं, पाणी आपल्या नळावरनं. चरीला मजूर पण लावला नाय. त्यानंच खणली."

"मग तुम्ही मला कधी सांगितलं नाही?"

"तू कदी इचारलंस? आन् लोकांना काय सांगायचं, त्यांच्या अंगणातनं पाणी घेतो म्हनून?"

आबांनी मला एवढंच सांगितलं होतं की नाही म्हणायचं नाही. धर्म आहे असं ते म्हणाले नव्हते. ते मीच म्हणत होते.

शनिवार, २६ एप्रिल

यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू बोललीस, तूच जाऊन मिटव." मग कूस बदलून म्हणाले, "बारकूकाका मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा."

हेही मला आजच कळलं.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय तृतीया

नवा माठ पाण्याने भरून, वाळा घालून, देवळात दान दिला. दरवर्षी देते. उन्हाळ्यात पाण्याच्या दानासारखं पुण्य नाही. देवळामागच्या हातपंपावर मेघा दांडा मारत होती. तिला दिवस गेलेत, मला माहीत नव्हतं. माठ देऊन परत येताना मी समोरच्या बाजूने आले.

कौलाचाही मनात विचार येतो. फूल उजवीकडे पडलं होतं, पण माझ्या उजवीकडे. देव माझ्याकडे तोंड करून बसलेला. त्याच्या हिशेबाने ते डावीकडे झालं. हे कोणाला विचारावं? गुरुजींना विचारलं तर म्हणतील, एवढी वर्षं पूजा करता आणि देवाचा उजवा हात कुठला ते माहीत नाही?

शुक्रवार, २ मे

हरकती ऐकायला आज नगरपंचायतीत सुनावणी होती. मी पहिल्यांदाच गेले. पुरुषच जास्त. एक जण म्हणाला, आमचं पाणी मुंबईला जातं, आधी तिकडे मीटर लावा. टाळ्या पडल्या. एकाने विचारलं, नळाला पाण्यापेक्षा हवा जास्त येते, हवेला कोणता दर? साहेबही हसले आणि लिहून घेतलं.

माझी पाळी आली तेव्हा घसा सुकला होता. मी विचारलं, "एका नळावर दोन घरं असतील तर मर्यादा एकच का?" साहेब म्हणाले, दोन्ही घरांची नावं जोडणीवर लावली तर मर्यादा दुप्पट धरता येईल, तशी सूचना आली तर घेऊ. मी तिथेच लिहून दिली.

रस्त्याने हिशेब करत आले. दोन नावं लावली की दोन्ही घरं कमी दरात बसतात. पाइप काढायला नको, रस्ता खणायला नको, त्यांना नवीन डिपॉझिट नको. कुठूनही बघितलं तरी हेच बरोबर. फक्त सकुबाईंनी हो म्हणायला हवं.

तशीच त्यांच्याकडे गेले, पिशवी हातात होती.

"आज शुक्रवार," सकुबाई म्हणाल्या. "आज कुठला देव?"

"शुक्रवारी मी आंबट खात नाही."

"चहात लिंबू नाय पिळत मी."

तरी मी नको म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, घसा तर तसाच सुकलेला होता. दोन नावांचं सांगितलं. अनिकेत आतून आला. "काकू, आता गरज पडली म्हणून नाव? एवढी वर्षं आमच्या अंगणातनं पाणी नेलंत आणि वर नळ धुतलात. मी शाळेत जायचो तेव्हापासून बघतोय."

"अनिकेत," सकुबाई म्हणाल्या, "पाणी पी नि गप बस." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्यासाठी नाय करत मी. ही चर त्याच्या हातची हाय. ताप अंगात घेऊन खणली होती त्यानं. ती मी उकरून टाकनार नाय. पण माझं दोन सांगनं हाय. मीटर माझ्या दारात, तर नाव पयलं माझं. आन् नळ धुवायचा नाय. धुवायचाच असंल तर तुझा वेगळा नळ घे, दिवसभर धूत बस."

मी हो म्हटलं. तसंही ते पाणी वायाच जात होतं.

आईंना सांगितलं तेव्हा माळ थांबली. "आपल्या नळावर त्यांचं नाव पयलं?"

"हिशेबाने तेच बरोबर आहे, आई."

"हिशेबानं," आई म्हणाल्या, आणि रात्री जेवल्या नाहीत. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मंगळवार, ६ मे

संमतीच्या कागदावर सह्या झाल्या. आधी सकुबाईंची, खाली माझी. त्या सही मोठी आणि स्वच्छ करतात.

गुरुवार, ८ मे

सकुबाई आज पाण्याला आल्या. शाळा बंद झाली आहे, उशिरा येऊ शकल्या असत्या, पण पूर्वीच्या वेळेलाच आल्या. मी कळशी घेऊन मागे उभी, आई पडवीच्या दारात तांब्या घेऊन उभ्या. तांब्या भरलेला होता.

सकुबाईंनी दोन हंडे भरले. दुसरा डोक्यावर चढवला, पण निघाल्या नाहीत. नळ चालूच होता. पाणी वाया जात होतं, म्हणून मी कळशी लावली. तेवढंच.

कळशी भरेपर्यंत सकुबाई तशाच उभ्या होत्या. भरली तशा सकुबाई गेल्या. आई म्हणाल्या, "देवाला न्यायची ही?" मी म्हटलं, हो. त्यांनी हातातल्या तांब्याकडे बघितलं आणि ते पाणी तुळशीला घातलं.

पूजा रोजच्यासारखी झाली. आज बराच वेळ देवासमोर बसले होते, काही मागितलं नाही.

शनिवार, १७ मे

दर ठरले. थोडे खाली आले, फार नाहीत. दोन घरांची सूचना मान्य झाली. हे म्हणाले, "साहेबांनी तुझं ऐकलं म्हणजे!" आणि कंपनीत चार जणांना सांगितलं म्हणे.

मीटर सकुबाईंच्या ओट्याशेजारी बसला. मेघाला आता मी हंडा उचलू देत नाही. मनस्वी कुंपणावरून पाइप लावून त्यांचं पिंप भरून देते. आई नुसत्या बघतात. काल मात्र "पाइप नीट धर, सांडतंय," असं म्हणाल्या.

बुधवार, ११ जून

मीटरचं पहिलं रीडिंग घ्यायला गेले. दर महिन्याला आता जावं लागणार. झाकण सकुबाईंनीच उघडून दिलं. आकडे बारीक आहेत, आणि चष्मा मी घरी विसरले होते. त्या म्हणाल्या, बस, मेघा वाचून देईल, ती झोपलीय, उठू दे.

ओट्यावर बसले. या ओट्यावर मी याआधी बसले नव्हते. उभ्यानेच बोलून जायचे. इथून आमचं घर वेगळं दिसतं, नळ तर सरळ समोर दिसतो. कोण भरतंय, कोण धुतंय, सगळं.

सकुबाई आतून तांब्या घेऊन आल्या. माझ्यापुढे धरला.

"आज काय हाय?"

मी म्हटलं, "आज काही नाही. वटपौर्णिमेचा उपास काल झाला."

"काल असता तरी काय," त्या म्हणाल्या. "उपासाला पाणी चालतं गो. मला म्हाईत हाय. तू लगीन होऊन आलीस तवापासून म्हाईत हाय."

त्यांनी तांब्या मागे घेतला नाही. हात तसाच पुढे होता. मी घेतला. पाणी माठातलं होतं, वाळ्याचा वास होता. सगळा तांब्या प्यायले. इतकी तहान लागली होती हे मला माहीत नव्हतं.

मग त्या मेघाच्या डोहाळजेवणाचं बोलत बसल्या, आणि मी चर खणताना बारकूकाकांना आलेल्या तापाचं विचारलं. तो जुना पाइप कुठून कुठे जातो ते त्यांनी पायाने अंगणावर रेघ मारून दाखवलं. बराच वेळ गेला. घरी येऊन वही उघडली तेव्हा लक्षात आलं की रीडिंग घ्यायचं राहूनच गेलं.

उद्या परत जायला हवं. उद्या गुरुवार. पाणी चालतं.